न बदललेल्या पेशी

डॉ. योगिनी सुर्व्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा खाली वाकल्या. मग काचपट्टीवरचा नंबर ताडून पाहिला. नंबर बरोबर होता, रंगही नीट चढला होता. फक्त जे दिसत होतं ते दिसायला नको होतं.

पट्टीवर ऋतिका नागवेकरच्या स्तनातल्या गाठीच्या पेशी होत्या. ऋतिका रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वय चाळिशीच्या अलीकडचं. गाठ सापडली तेव्हाचा पहिला नमुनाही योगिनीबाईंनीच तपासला होता. त्या पेशींच्या अंगावर एका रेणूची नुसती झुंबड उडालेली होती. हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावर उभा राहून आत 'वाढा' असा निरोप धाडत राहतो. रेणूंची गर्दी जितकी जास्त, तितकी पेशी माजते. सुदैवाने त्यावर औषध होतं. ते नेमकं त्याच रेणूवर जाऊन बसतं आणि निरोप अडवतं.

औषध लागू पडलं होतं. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. आणि मग, मधेच, ती पुन्हा वाढायला लागली.

"पेशी आता दाद देईनाशा झाल्या," असं उपचार करणारे डॉ. आठल्ये म्हणाले होते. असं होतं कधी कधी. पेशी त्या रेणूचा बाहेरचा भाग टाकून देते, मग औषधाला बसायला जागाच उरत नाही. तसं झालं असेल तर रंग फिका दिसायला हवा. म्हणून आठल्येंनी नवा नमुना पाठवला होता, आणि योगिनीबाईंनी मुद्दाम त्या बाहेरच्या भागाचाच रंग लावला होता.

रंग फिका नव्हता. प्रत्येक पेशीभोवती पोल्ट्रीच्या जाळीसारखी गडद तपकिरी कड होती. अगदी पहिल्या दिवशी होती तशीच.

योगिनीबाई हात धुऊन चहा घेणार तेवढ्यात फोन वाजला. आठल्येच होते, आवाज पार उतरलेला.

"मॅडम, जरा इकडे येता का? ऋतिकाच्या भावाने विमला सिस्टरांविरुद्ध पोलिसात तक्रार दिलीय. सिस्टरांनी खरं औषध लांबवलं आणि पाणी टोचलं, असं म्हणतोय. आणि उद्या सकाळी मला मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं ठरवायचंय. तुमचा रिपोर्ट झाला का?"

"झाला. पण तुम्हाला आवडणार नाही," योगिनीबाई म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली शोधू लागल्या.

आठल्येंचं उपचार केंद्र नाचणे गावाच्या रस्त्याला होतं, जेमतेम चार खाटांचं. बाहेरच्या बाकावर विमला सिस्टर बसल्या होत्या. ॲप्रन काढून त्याची नीट घडी घालून मांडीवर ठेवली होती. आठल्येंनीच त्यांना तूर्त कामावर येऊ नका म्हटलं होतं, तरी त्या आल्या होत्या, कारण घरी बसून काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

योगिनीबाई स्वभावाने तिरसट. माणसांपेक्षा पेशींशी जास्त बोलायची सवय. पण त्या सिस्टरांच्या शेजारी बाकावर बसल्या.

"सिस्टर, सरळ विचारते. औषध बदललंत का?"

"नाय मॅडम."

"कुपी तुमच्या हातात कधी येते?"

"पेशंटचा माणूस आणून देतो तेव्हा. लगेच फ्रिजमध्ये ठेवते. द्यायच्या दिवशी बाहेर काढायची, मांडीत टोचायची. सावकाश द्यायला लागतं ते."

"ह्या फ्रिजमध्ये आणखी कुणाचं हेच औषध असतं?"

"पावस गावच्या काकूंचं. त्यांना कुरियरने येतं. टोचते मीच. त्यांची गाठ तर हाताला लागत नाय आता."

योगिनीबाईंनी मान हलवली. तेच औषध, तोच फ्रिज, तोच हात. एकीची गाठ विरघळली आणि दुसरीची वाढली.

"ऋतिकाच्या औषधात काही वेगळं जाणवलं होतं?"

सिस्टर दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मागल्या खेपेला जरासं गढूळ वाटलं. सरांना दाखवलं होतं मी."

दारात आठल्ये उभे होते. त्यांचा चेहरा पडला. किंचित दुधट रंग चालतो असं कंपनीच्या पत्रकातच छापलेलं आहे, म्हणून आपण द्या म्हटलं, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं. पण सांगताना त्यांची नजर योगिनीबाईंच्या चपलांवर होती.

रिकामी खोकी केंद्रात जपून ठेवायची पद्धत होती. सिस्टरांनी ऋतिकाची सगळी खोकी टेबलावर मांडली. सुरुवातीच्या खोक्यांवर झाकणाजवळ एक छोटा निळा ठिपका चिकटवलेला होता. नंतरच्या खोक्यांवर ठिपका नव्हता. तिथला पुठ्ठा नखाला खरखरीत लागत होता, वरचा चकचकीत पापुद्रा सोलून निघाल्यासारखा. ह्याच खोक्यांच्या कोपऱ्यांत पांढरट पूड धरलेली होती.

योगिनीबाईंनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आपल्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी असलं काही केलं असतं तर त्यांनी त्यांना फाडून खाल्लं असतं.

"हा ठिपका कसला?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांना नक्की माहीत नव्हतं. पावसच्या काकूंचं औषध दुसऱ्या दुकानातून येतं, त्यावर नसतो. मुंबईचं दुकान आधी लावायचं, नंतर लावायचं बंद केलं असेल असं त्यांनी धरलं होतं.

"पुढच्या डोसची कुपी आलीय?"

आली होती. सिस्टरांनी फ्रिजमधून काढून दिली. योगिनीबाईंनी ती काळ्या छत्रीच्या कापडासमोर धरली आणि मोबाइलचा दिवा लावला. पाण्यासारख्या औषधात बारीक बारीक धागे तरंगत होते, गोल फिरवलं की उठायचे आणि सावकाश खाली बसायचे.

"ही कुपी पोलिसांनी तपासायला नेली नाही?"

"नाय मॅडम. भाऊ परवा आला होता ना, तो म्हणाला ती फेकून द्या, आता काय कामाची. मी टाकली नाय. पेशंटची वस्तू आपण कशी टाकायची?"

योगिनीबाईंनी कुपी परत आत ठेवली आणि फ्रिजला कुलूप लावायला सांगितलं. मग आठल्येंना म्हणाल्या, "उद्या मुंबईला फोन करायच्या आधी मला तासभर द्या. रिपोर्टमध्ये 'पेशी दाद देत नाहीत' असं एकदा बसलं की ते पुसायला कुणी धजत नाही. जड औषधं सुरू होतील आणि हे हातचं औषध कायमचं सुटेल. तिचं वय काय आहे ते आठवतंय ना तुम्हाला?"

आठल्येंना आठवत होतं.

ऋतिकाचं घर भाट्याच्या खाडीकडेला होतं. अंगणात एक टेंपो उभा होता, मागे माशांच्या पेट्या, आणि पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं 'ताईची कृपा'. टेंपो तिच्या धाकट्या भावाचा, सुजयचा. तो मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी घेऊन मुंबईला जायचा आणि रिकामा परत यायचा.

ऋतिका पडवीत वह्या तपासत बसली होती. योगिनीबाईंना पाहून उठली, आत बसवलं, आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला.

"माझ्या पेशींनी काय केलं, डॉक्टर? मला सांगा, मला कळतं. मी मुलांना पेशी शिकवते."

योगिनीबाईंना ती आवडली. रडत बसण्यापेक्षा विचारणारी माणसं त्यांना बरी वाटायची.

"पेशीला औषध चुकवायचं असलं तर तिच्याकडे युक्त्या असतात," त्या म्हणाल्या. "ज्या रेणूवर औषध बसतं त्याचा बाहेरचा तुकडा ती तोडून टाकते. किंवा त्याच्यावर दुसऱ्या चिकट रेणूंचं पांघरूण ओढते. किंवा तो रेणू सोडून भलत्याच रेणूकडून निरोप घ्यायला लागते. पहिली युक्ती तुमच्या पेशींनी केलेली नाही, एवढं मी आज पाहिलं. बाकीच्यांचं छातीठोक सांगता येत नाही."

"म्हणजे औषधाला बसायला जागा आहे?"

"आहे."

"मग ते बसत का नाही?"

"तेच विचारत फिरतेय मी."

सुजय आतून चहा घेऊन आला. तिशीचा, उन्हाने रापलेला, बोलका. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की ताईलाच आई म्हणायचा, असं ऋतिकाने हसत सांगितलं. त्याचं शिक्षण, त्याचा धंदा, सगळं तिने उभं करून दिलं. "लहानपणी ह्याला मी घरीच डब्यात कुल्फी लावून द्यायचे. तेव्हापासून ह्याला बर्फाचं वेड. तेच पुढे कामाला आलं." नवरा समर्थ बोटीवर होता, सहा-सहा महिने समुद्रात. तो घरी होता तोवर औषध त्याने आणलं. तो बोटीवर परत गेल्यावर सुजयने.

"दरवेळी सुजय माझ्याबरोबर येतो," ती म्हणाली. "मला सुईची फार भीती वाटते, अजूनही. सिस्टर टोचत असतात आणि हा हात धरून बसतो."

योगिनीबाई सुजयकडे वळल्या.

"औषध आणता कसं?"

"बर्फात. परतीला एक पेटी ताईची. तिच्यात मासा घालत नाय मी, फक्त औषध."

"दुकानवाले डबा देत नाहीत?"

"देतात की, थर्माकोलचा. आत जेलच्या पिशव्या. त्यात काय जीव असतोय, पनवेल येईस्तोवर कोमट होतील. म्हणून मी आपला काढून माझ्या पेटीत ठेवतो. माझा मासा मुंबईत दगडासारखा उतरतो, विचारा कुणाला पण."

"खोक्यावर वरून काही चिकटवलेलं असायचं का? आठवतंय?"

"नाय. ठिपका-बिपका काय नव्हता."

योगिनीबाईंनी चहाचा घोट घेतला. चहा गोडमिट्ट होता.

"सिस्टरांवर संशय कशावरून?"

"मधे दुसरा आहे कोण? औषध आपण तिच्या हातात देतो. तिनंच काय ते केलान. आणि आता ते औषध बंदच करा म्हणतो मी. पेशी ऐकत नाय म्हटल्यावर कशाला द्यायचं? दुसरं सुरू करा."

"विमला सिस्टर असं करतील असं मला वाटत नाही," ऋतिका मधेच म्हणाली. "पण हा माझ्यासाठीच धावतोय ना. ह्याला कसं अडवू?"

सुजयने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. योगिनीबाई उठल्या आणि उद्या सकाळी दोघांनीही केंद्रावर यावं असं सांगून निघाल्या. पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि दोन फोन केले.

पहिला मुंबईच्या औषधाच्या दुकानात. तिथल्या मुलीने ठिपक्याचा अर्थ सांगितला आणि मग एक जुनी गोष्टही आठवून सांगितली. ती ऐकताना योगिनीबाईंनी दोनदा "परत सांगा" म्हटलं. दुसरा फोन बोटीवर समर्थला. तो बऱ्याच प्रयत्नांनी लागला. निघताना मेहुण्याशी काय बोलणं झालं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मग त्या खाडीचं पाणी बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि असं वाटणं त्यांना मुळीच आवडत नसे.

सकाळी केंद्रातल्या छोट्या खोलीत पाच माणसं होती. आठल्ये, विमला सिस्टर, ऋतिका, सुजय आणि योगिनीबाई. टेबलावर खोकी होती, आणि काळ्या कापडावर ती कुपी.

"पहिला संशय पेशींवर होता," योगिनीबाईंनी सुरुवात केली. "पेशी बदलल्या, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी पाहिल्या. निदान जिथे औषध बसतं तिथे त्या बदललेल्या नाहीत. मग दुसरा संशय औषधावर. ते पेशीपर्यंत पोचलंच नाही का?"

"तेच तर मी म्हणतोय," सुजय म्हणाला. "पाणी दिलान तिनं."

"पाण्यात धागे होत नाहीत, सुजय. ह्या कुपीत बघा. हे औषध म्हणजे एक प्रथिन आहे. त्याची घडी नाजूक असते. ती घडी जशी असावी तशी असली तरच ते त्या रेणूवर बसतं. घडी मोडली की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि असे धागे होतात. म्हणजे कुपीत औषध खरंच होतं. ते बिघडलेलं होतं, आणि सिस्टरांनी सील तोडायच्या आधीच बिघडलेलं होतं. ही कुपी अजून सीलबंद आहे."

विमला सिस्टरांनी ॲप्रनची घडी घट्ट धरली.

"फ्रिजमध्ये बिघडलं असेल," सुजय म्हणाला.

"त्याच फ्रिजमधलं औषध पावसच्या काकूंना लागू पडलं. म्हणून फ्रिज सुटला आणि सिस्टरही सुटल्या. राहिला मुंबई ते रत्नागिरी रस्ता." त्यांनी एक खोकं उचललं. "उष्णतेने बिघडलं असतं तर खोकं कोरडं असतं. ह्याच्या कोपऱ्यांत पांढरी पूड आहे. मी चाखली. खारट आहे."

ऋतिकाच्या तोंडून शब्द आले, वर्गात मुलाचं उत्तर पुरं करावं तसे, सावकाश.

"बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्या खाली जातो."

"हो."

"सुजू, तू मीठ घातलंस?"

"ताई, मासळीच्या बर्फाला घालतोच की. टिकतो जास्त. तूच तर दाखवलं होतंस, कुल्फीच्या वेळी." तो घाईने बोलत होता. "जास्त गार ऱ्हावं म्हणून केलं मी. चांगल्यासाठी केलं."

"तेवढं मला मान्य आहे," योगिनीबाई म्हणाल्या. "मासळीच्या धंद्यातला माणूस जितकं गार तितकं ताजं असंच धरणार. हे औषध गार लागतं, पण गोठलेलं चालत नाही, हे कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. इथपर्यंत ही चूक आहे. गोष्ट इथे संपली असती तर मी आज कुणाला बोलावलंच नसतं. फोनवर सांगितलं असतं, पेटी बदला म्हणून."

त्यांनी जुनं खोकं पुढे सरकवलं.

"हा निळा ठिपका. औषध एकदा जरी गोठलं तरी हा तांबडा होतो आणि परत निळा होत नाही. दुकान आजही प्रत्येक खोक्यावर हा लावतं, मी विचारलं. समर्थरावांनी आणलेल्या खोक्यांवर तो निळाच आहे. नंतरच्या प्रत्येक खोक्यावरून तो खरवडून काढलाय. कुणीतरी तो तांबडा झालेला पाहिला. त्याचा अर्थ काय ते त्याला कळलं. आणि सिस्टरांना दिसू नये म्हणून त्याने तो काढला. काल मी सुजयना विचारलं, खोक्यावर काही चिकटवलेलं असायचं का. ते म्हणाले, ठिपका-बिपका काय नव्हता. ठिपक्याचं नाव मी काढलं नव्हतं."

सुजय खुर्चीच्या कडेला आला. "सिस्टर बोलली असेल तेव्हा ऐकलं असेल मी. नायतर भावजींनी आणलेल्या खोक्यांवर बघितला असेल."

"बघितला होता, तर नव्हता का म्हणालात? आणि सिस्टरांना स्वतःलाच तो कसला ते माहीत नव्हतं. बरं, दुसरं. ज्याला खरंच वाटतं की ताईला पाणी टोचलं, तो शिल्लक कुपी आधी तपासायला नेईल. तुम्ही फेकून द्या म्हणालात. ती तपासलेली तुम्हाला नको होती." योगिनीबाई थांबल्या. पुढचं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "आणि तिसरं. दुकानातल्या मुलीला एक फोन आठवतोय. मागे बाजाराचा गलका होता. एक माणूस विचारत होता, ठिपका तांबडा झाला तर काय. तिने सांगितलं, ते मुळीच टोचू नका, परत आणा, आम्ही बदलून देऊ. एक पैसा पडणार नाही. त्यावर तो माणूस म्हणाला, 'मासा गोठला तर चालतो, मग हे का नाय?' म्हणून तिच्या लक्षात राहिलं."

ऋतिका भावाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. तो खोटं आहे म्हणेल याची ती वाट बघत होती.

सुजय खोटं आहे म्हणाला नाही.

"पहिल्या वेळी मला वाटलं, कंपनीवाले उगाच घाबरवतात," तो जमिनीकडे बघत बोलला. "परत न्यायचं म्हणजे तुला सांगायला लागणार. भावजींना कळणार. निघताना भावजी बोलले होते, 'जमेल ना तुला? नायतर मी कुरियर लावतो.' मी बोललो, माझ्या बहिणीचं औषध आहे, कुरियर कशाला. मग काय तोंड दाखवणार होतो मी? पुढल्या खेपेला मीठ कमी घातलं. तरी तांबडा झाला. मग काढून टाकला."

"आणि गाठ वाढली तेव्हा?" ऋतिकाने विचारलं.

"तेव्हा कळलं."

"तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"कसं सांगणार होतो, ताई? डॉक्टर म्हणाले पेशी ऐकत नाय. मला वाटलं, बरं झालं, आता दुसरं औषध सुरू होईल, हे सगळं मागे पडेल. मग डॉक्टरांनी विचारलं औषध येतं कुठून, कसं येतं. मी घाबरलो."

"म्हणून सिस्टरांचं नाव घेतलंस."

विमला सिस्टर उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांना राग आला होता, आणि तो कुणासमोर काढायचा नाही एवढीच त्यांची धडपड चालली होती. आठल्ये त्यांच्याजवळ जाऊन माफी मागू लागले. गढूळ दिसलं तेव्हाच मी ऐकायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले. सिस्टरांनी नुसती मान हलवली.

ऋतिका उठली नाही. ती तशीच बसून बोलली, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बर्फाचं मी तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं, सुजू. ठिपक्याचंसुद्धा केलं असतं, दोन दिवस रडून. पण त्यानंतर मी इथे खाटेवर पडायचे. सुई आत जायची. तुला माहीत होतं आत काय जातंय. आणि तू माझा हात धरून बसायचास. घट्ट."

सुजय रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, तोंड उघडं टाकून. याआधी तो रडला की ऋतिका उठायची, आज ती उठली नाही.

तक्रार त्याच दुपारी मागे घेतली गेली. सुजयचं काय करायचं ते पोलीस ठरवतील, असं आठल्ये म्हणाले. ऋतिका म्हणाली की पोलीस विचारतील ते ती खरं सांगेल, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. मुंबईचा फोन झाला, पण तो औषध बंद करायचा नव्हता. आधी चांगलं औषध पुन्हा सुरू करून बघू, असं ठरलं. योगिनीबाईंनी रिपोर्टमध्ये लिहिलं की रेणू जागेवर आहेत, आणि पेशी दाद देत नाहीत असा निष्कर्ष काढायला आधार नाही. खोटी आशा त्यांना लावायची नव्हती. वाया गेलेला काळ परत येणार नव्हता. त्या काळात गाठीने काय काय शिकून घेतलं असेल ते पुढच्या तपासणीशिवाय कळणार नव्हतं. हे सगळं त्यांनी ऋतिकाला स्पष्ट सांगितलं, आणि तिने स्पष्ट ऐकून घेतलं.

नवी कुपी आणायला विमला सिस्टर स्वतः मुंबईला गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन त्या गाडीतून आल्या आणि स्टेशनवरून थेट केंद्रात. डबा उघडला तेव्हा योगिनीबाई मुद्दाम हजर होत्या. ठिपका निळा होता. कुपी काळ्या कापडासमोर धरली, आत काहीही तरंगत नव्हतं.

ऋतिका खाटेवर आडवी झाली. बाहेर रस्त्याच्या पलीकडे 'ताईची कृपा' उभी होती. सुजय आत यायची परवानगी मागायला आला नव्हता, आणि गेलाही नव्हता. खिडकीतून तिला तो दिसत असणार, कारण तिने मान भिंतीकडे वळवली.

सिस्टरांनी सुई भरली. ऋतिकाचे ओठ पांढरे पडले. सिस्टरांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी योगिनीबाईंकडे पाहिलं. योगिनीबाईंना असलं काही जमत नसे, तरी त्या खाटेजवळ आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"नको, डॉक्टर," ऋतिका म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. पण आता कुणी हात धरला की मला सुईपेक्षा त्याचीच भीती वाटेल."

मग तिने सिस्टरांना सुरू करा म्हणून सांगितलं. औषध सावकाश आत जात राहिलं. तिचा डावा हात चादरीवर एकटाच पडून होता, आणि बोटं अधूनमधून मिटत होती.